खाली कार्यालये, वर घरे: मिश्र वापराच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेणाऱ्यांसाठी

मुंबईत लोअर परळ, वरळी, प्रभादेवी या पट्ट्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत असे अनेक टॉवर उभे राहिले आहेत, ज्यांच्या तळाशी दुकाने, वर काही मजले गाड्या, त्यावर कार्यालये आणि सगळ्यात वर घरे अशी रचना असते. अशाच एका टॉवरमध्ये आम्ही बांधकाम चालू असताना फ्लॅट नोंदवला आणि साडेचार वर्षांनी तिथे राहायला गेलो. त्याआधी चार मजल्यांच्या जुन्या सोसायटीत राहत असल्यामुळे घर घेणे म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, असा आमचा समज होता. तो समज पहिल्या वर्षातच गळून पडला.

निवासी इमारतीत घर घेताना जे प्रश्न विचारायचे, ते सगळे इथेही विचारायचे असतातच. पण इथे आणखी एक प्रश्न असतो आणि विक्री कार्यालयात तो कोणी आपणहून काढत नाही. या इमारतीतले काय फक्त घरांचे, काय फक्त कार्यालयांचे, काय दोघांचे, आणि जे दोघांचे आहे त्याचा निर्णय कोण घेणार? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवती बांधलेल्या आहेत. दर आणि नियम मुंबई महापालिकेच्या हद्दीतले दिले आहेत. पुण्यात किंवा ठाण्यात घेणाऱ्यांनी त्यांची तिथल्या दरांशी पडताळणी करावी. तुम्ही भाड्याने राहायला जाणार असाल, तर पहिली, सहावी, आठवी आणि नववी पायरी तेवढी वाचली तरी चालेल.

१. इमारतीचा उभा छेद मागून घ्या

विक्री कार्यालयात तुम्हाला फ्लॅटचा नकाशा दाखवतात, समुद्राचे दृश्य दाखवतात आणि लॉबीचे रंगीत चित्र दाखवतात. तुम्ही मंजूर आराखड्यांपैकी इमारतीचा उभा छेद मागा, ज्यात तळघरापासून गच्चीपर्यंत कोणत्या मजल्यावर काय आहे हे एकाखाली एक दिसते.

कार्यालये खाली आणि घरे वर असण्यामागे साधे कारण असते. कार्यालयात पोटातला भाग दिव्यांच्या उजेडात चालून जातो, म्हणून त्यांचे मजले रुंद ठेवता येतात. घराच्या प्रत्येक खोलीला खिडकी लागते, म्हणून वरचा भाग सडसडीत करावा लागतो. शिवाय कार्यालयात माणसे जास्त आणि त्यांची ये-जा एकाच वेळी, तेव्हा त्यांना लिफ्टने थोडेच अंतर न्यावे लागावे हे सोयीचे. शिकागोतला १९६९ साली पूर्ण झालेला शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटर वर जाताना निमुळता होत जातो. त्यातही कार्यालये खाली आणि घरे वर आहेत, आणि फझलूर खान या अभियंत्याने रचलेला त्याचा सांगाडा आजही स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात.

मात्र जिथे रुंद भाग संपून सडसडीत भाग सुरू होतो, तिथे एक मोठी गच्ची तयार होते, आणि कार्यालयांच्या वातानुकूलनाची यंत्रे ठेवायला ती जागा फार सोयीची असते. आमच्या छेदात पंधराव्या मजल्यावर 'सर्व्हिस टेरेस' एवढेच लिहिले होते आणि आम्ही घेतला अठरावा मजला. ताबा मिळाला तेव्हा कार्यालये रिकामी होती, त्यामुळे आठ महिने अगदी शांततेत गेले. मग एका सोमवारी सकाळी साडेसातच्या सुमारास स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलच्या वाटीत ठेवलेला चमचा आपोआप किणकिणू लागला. खाली चिलर आणि कूलिंग टॉवर चालू झाले होते. आवाजापेक्षा त्या बारीक थरथरीचा त्रास अधिक होता, कारण खिडकी बंद करून ती थांबत नाही. यंत्रांच्या खाली रबरी पॅड आणि बाजूला आवाज अडवणारे पडदे बसेपर्यंत चौदा महिने पत्रव्यवहार करावा लागला.

म्हणून छेद हातात आला की चार गोष्टी पेन्सिलीने खुणा करून ठेवा: चिलर व कूलिंग टॉवर, डिझेल जनरेटर आणि त्याच्या धुराड्याचे तोंड, पाण्याच्या टाक्या व पंप, आणि कार्यालयांच्या उपाहारगृहाची धूर बाहेर फेकणारी नळी. तुमचा फ्लॅट यांपैकी कशाच्याही लगत किंवा दोन-तीन मजले वर असेल, तर त्यावर काय उपाय केला जाणार आहे हे लेखी मागा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी क्षेत्राला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी क्षेत्राला ६५ आणि ५५ डेसिबल अशी मर्यादा आहे. मिश्र वापराचा परिसर यांपैकी कोणत्या वर्गात धरायचा हे सक्षम प्राधिकरण ठरवते, त्यामुळे भांडणात दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा आकडा पुढे करतात. लेखी आश्वासन हाती असले तर त्या वादात शिरावेच लागत नाही.

२. महारेराच्या संकेतस्थळावर एक संध्याकाळ घालवा

महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणारे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक जाहिरातीवर असतो, आणि ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो मोबाइलने वाचला की प्रकल्पाचे पान उघडते. तिथे मंजूर आराखडे, जमिनीच्या मालकीबद्दल वकिलाचा अहवाल, जमिनीवरील कर्जाचा बोजा, चालू खटले, दर तिमाहीची प्रगती आणि प्रकल्प पूर्ण करण्याची जाहीर तारीख हे सगळे पाहायला मिळते.

इथला नेहमीचा सापळा असा, की एकाच टॉवरचा कार्यालयीन भाग आणि निवासी भाग कधी कधी वेगवेगळ्या क्रमांकांनी नोंदवलेले असतात. तुम्हाला दाखवलेला पोहण्याचा तलाव किंवा बाग दुसऱ्या क्रमांकात मोडत असेल, तर ते पूर्ण करण्याची तारीखही वेगळी असते. दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहा आणि प्रत्येक सुविधा कोणत्या नोंदणीत आहे ते लिहून काढा.

जमिनीच्या अहवालाबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण या भागात जमिनींना इतिहास आहे. आमचा टॉवर उभा आहे तिथे पूर्वी कापडगिरणी होती. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१च्या विकास नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींचे तीन वाटे ठरवले: एक महापालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी, एक मालकाकडे. २००१ साली त्या नियमात बदल होऊन वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी याच आवारात साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, नोकरी केली आहे आणि लॉबीत उभे राहून ते आजही कोणता साचा कुठे होता ते सांगतात. खरेदीदाराच्या दृष्टीने मुद्दा एवढाच, की गिरणीच्या जमिनीवर बँका, कामगार, भाडेकरू आणि शासन अशा अनेकांचे हक्क असू शकतात. त्यामुळे निदान तीस वर्षांचा शोध अहवाल आपल्या वकिलाकडून स्वतंत्रपणे घ्यावा. बिल्डरच्या वकिलाने दिलेल्या कागदावर विसंबू नये. शहर भागात जमिनीचा सी. एस. क्रमांक आणि उपनगरात सी. टी. एस. क्रमांक असतो, आणि तो मालमत्ता पत्रकावर, महारेराच्या पानावर आणि करारात अगदी एकसारखाच असला पाहिजे.

३. सोसायटी होणार की कॉन्डोमिनियम, हे आधी विचारा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण ती ताबा मिळाल्यावर वाचतात. आम्हीही तेच केले.

इमारतीचा कारभार पुढे कोणत्या कायद्याखाली चालेल, याचे मुख्यतः दोन पर्याय असतात. पहिला म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली सहकारी संस्था. तिथे एका सभासदाला एक मत असते, मग त्याच्याकडे एक फ्लॅट असो की पाच गाळे. सेवाशुल्क साधारणपणे सर्व गाळ्यांना सारखे विभागले जाते, पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर व आकारावर ठरते, आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, जमिनीची किंमत वगळून बांधकाम खर्चाच्या वर्षाला निदान पाव टक्का असतो. दुसरा पर्याय म्हणजे महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० खाली कॉन्डोमिनियम. तिथे बिल्डर आधी 'डीड ऑफ डिक्लरेशन' नोंदवतो आणि त्यात प्रत्येक गाळ्याचा सामाईक जागेतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. मताचे वजन आणि खर्चातला वाटा, दोन्ही त्या टक्क्यांवर ठरतात.

हे टक्के गाळ्याच्या किमतीवर ठरतात आणि खरी मेख तिथेच आहे. समजा एका टॉवरमध्ये १८० फ्लॅट आहेत आणि सगळी कार्यालये मिळून ४० टक्के हिस्सा आहे. ही कार्यालये एकाच कंपनीने घेतली, तर सहकारी संस्थेत त्या कंपनीला एक मत आणि १८० कुटुंबांना १८० मते. कॉन्डोमिनियममध्ये मात्र त्या एका सहीचे वजन ४० टक्के. ज्या निर्णयांना मोठे बहुमत लागते, ते त्या सहीशिवाय होणारच नाहीत. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर खर्चाचाही ४० टक्के भार ती कंपनी उचलेल, त्यामुळे कॉन्डोमिनियम वाईटच असते असे मी म्हणणार नाही. मोठ्या यंत्रणा नीट ठेवायला नियमित पैसा लागतो आणि कंपन्या बिले सहसा वेळेवर भरतात. आमच्याकडे थकबाकीदारांच्या यादीत एकही कार्यालय नाही, सगळे फ्लॅटधारकच आहेत, हे लिहिताना थोडा संकोच वाटतो.

तिसरी तऱ्हाही दिसते: घरांची एक संस्था, कार्यालयांची दुसरी, आणि जमीन, प्रवेशमार्ग, पाण्याच्या टाक्या, अग्निशमन यंत्रणा यांसाठी दोघांवर एक शिखर संस्था. असे असेल तर शिखर संस्थेवर कोणाचे किती प्रतिनिधी असतील हे विचारा. डिक्लरेशनचा किंवा प्रस्तावित उपविधींचा मसुदा करारावर सही करण्यापूर्वी मागून घ्या, आणि त्यात पुढील बाबी कोणत्या यादीत टाकल्या आहेत ते बोटाने शोधा: इमारतीची बाहेरची काच व तिची सफाई, सर्वात वरची गच्ची, नामफलक लावण्याचा हक्क, पोडियमवरची, म्हणजे खालच्या रुंद भागाच्या गच्चीवरची, बाग, आणि गाड्यांच्या मजल्यांवरून ये-जा करणारी लिफ्ट. आमच्या डिक्लरेशनमध्ये बाहेरची काच सामाईक आहे, पण नामफलकाचा हक्क कार्यालयांचा एकट्याचा. त्यामुळे फलक जिथे बसवला तिथल्या काचेची दुरुस्ती आम्ही सगळे मिळून करतो आणि फलकाचे भाडे मात्र एकालाच मिळते. सही केल्यानंतर त्यावर कितीही चर्चा केली तरी उपयोग होत नाही.

४. करारावर सही करण्यापूर्वी

रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या कायद्याच्या १३व्या कलमाप्रमाणे नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. 'बुकिंगचे कागद नंतर करू, आधी २० टक्के भरा म्हणजे हा भाव मिळेल' असे कोणी म्हणाले, तर तिथून उठावे.

क्षेत्रफळ फक्त कार्पेट एरियामध्ये मोजा. कायद्यातल्या व्याख्येनुसार आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, नळ-वायरींचे उभे शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. 'सेलेबल' किंवा 'सुपर बिल्टअप' हे शब्द बोलण्यात येतात, करारात त्यांना अर्थ नाही.

पार्किंगबाबत मिश्र टॉवरमध्ये फार गोंधळ होतो, कारण दिवसा कार्यालयांच्या आणि रात्री घरांच्या गाड्या त्याच रॅम्पवरून जातात. महारेराने २०२४ पासून पार्किंगच्या जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि ती नेमकी कुठे आहे हे करारासोबत देणे बंधनकारक केले आहे. ते सगळे लिहून घ्या, आणि ती जागा घरांसाठी राखीव असलेल्या मजल्यावर आहे की सामाईक मजल्यावर, हेही लिहून घ्या. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची जागा अशी निघाली, की गाडी आत जाते पण खांबामुळे चालकाच्या बाजूचे दार अर्धेच उघडते.

मंजूर आराखड्यात बदल करायचा असल्यास १४व्या कलमानुसार दोन तृतीयांश खरेदीदारांची आगाऊ लेखी संमती लागते. करारातच एखाद्या लांबलचक परिच्छेदात 'पुढील सर्व बदलांना खरेदीदाराची संमती आहे' असे वाक्य दडवलेले असते. ते शोधा आणि वगळायला लावा. कार्यालयांचे दोन मजले वाढणे किंवा राखीव बागेचे उपाहारगृह होणे, असे बदल याच वाटेने येतात.

५. पैशांचा पूर्ण हिशेब आणि लागणारी कागदपत्रे

तीन कोटींचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला असे धरू. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे १५ लाख, मुंबईत ६ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे १८ लाख आणि नोंदणी शुल्क ३० हजार. म्हणजे ताबा मिळण्यापूर्वीच किमतीवर ३३ लाख ३० हजार वाढले. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकाप्रमाणे येणारी किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर भरावे लागते. सर्व खरेदीदार स्त्रिया असल्यास निवासी घरावर त्यात १ टक्का सवलत मिळते. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्यास बिल्डरला देण्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस, म्हणजे उगमस्थानी कापायचा आयकर, कापून तो तुम्ही स्वतः भरायचा असतो. हा जादा खर्च नाही, पण भरायचा राहून गेला तर दंड आणि व्याज तुमच्या माथी येते. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी, मिळाल्यानंतर घेतलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागत नाही.

पुढे येणारा मासिक खर्च हा मिश्र टॉवरमध्ये अंदाज चुकण्याचा मुख्य विषय आहे. मासिक वर्गणी ७,५०० रुपयांच्या वर गेली आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक असली, की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि अशा टॉवरमध्ये या दोन्ही मर्यादा सहज ओलांडल्या जातात. घरांच्या लिफ्ट, पंप आणि जिन्यांतील दिव्यांसाठी वीजमीटर वेगळा आहे का, हे अवश्य विचारा, कारण व्यापारी दराने येणारी वीज निवासी दरापेक्षा महाग असते आणि एकच मीटर असल्यास तो भार घरांवरही पडतो. टँकरचे पाणी घ्यावे लागल्यास त्याचा खर्च कोणत्या प्रमाणात वाटणार, हेही त्याच बैठकीत विचारून टाका.

बरोबर ठेवायची कागदपत्रे एका फाइलमध्ये पुढील क्रमाने लावावीत:

• सर्व खरेदीदारांचे पॅन, आधार आणि छायाचित्रे
• वाटपपत्र आणि आजवर भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती
• महारेरा पानाची छापील प्रत, तारखेसह
• वकिलाचा शोध अहवाल आणि मालमत्ता पत्रक
• मंजूर आराखडे, उभ्या छेदासह, आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र
• डिक्लरेशन किंवा उपविधींचा मसुदा
• मुद्रांक शुल्काचे चलन, नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा)
• टीडीएस भरल्याचे प्रमाणपत्र
• कर्ज असल्यास बँकेचे मंजुरीपत्र

करारावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नोंदणीच्या दिवशी दोन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह हजर ठेवा. आमचा एक साक्षीदार आधारकार्ड विसरल्याने सबंध दिवस वाया गेला होता.

६. ताबा घेताना

बिल्डरने 'भोगवटा प्रमाणपत्र आले आहे' असे सांगितले, तरी ते कागदावर वाचा. मिश्र टॉवरमध्ये ते टप्प्याटप्प्याने मिळण्याचा संभव जास्त असतो. खालच्या कार्यालयांपुरते मिळालेले अंशतः प्रमाणपत्र दाखवून वरच्या घरांच्या किल्ल्या देऊ केल्याची उदाहरणे आहेत. तुमचा मजला आणि विंग त्यात नावानिशी असल्याशिवाय ताबापत्रावर सही करू नका.

पाहणीला शक्यतो पावसाळ्यात आणि कामाच्या दिवशी जा. बरोबर एक बादली, एक नाणे, एक गोटी आणि मोबाइलचा चार्जर न्या. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते कुठे साचते ते पाहा. नाण्याने फरशा वाजवा. पोकळ आवाज आला तर खाली सिमेंट भरलेले नाही. बाल्कनीत गोटी सोडून उतार दाराकडे आहे की नळीकडे, हे पाहा. चार्जरने प्रत्येक सॉकेट तपासा. खूप उंचावर वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतो आणि खिडकीच्या खालच्या चौकटीतून आत झिरपतो, हे जुन्या इमारतीत राहिलेल्या माणसाच्या लक्षातच येत नाही. सापडलेला प्रत्येक दोष छायाचित्रासह ईमेलने कळवा. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाल्यास तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरची असते, पण तारखेचा पुरावा तुमच्याकडे हवा.

त्यानंतर सकाळी सव्वानऊ ते पावणेदहा या वेळेत गाड्यांच्या मजल्यावर घड्याळ लावून उभे राहा. घरांच्या आणि कार्यालयांच्या मुख्य लिफ्ट वेगळ्या असतातच; अडचण होते ती पार्किंगमधून लॉबीत नेणाऱ्या छोट्या लिफ्टची, जी अनेक टॉवरमध्ये दोघांची एकच असते. शाळेला उशीर झालेले मूल आणि लॅपटॉपच्या पिशव्या घेतलेली दहा माणसे एकाच दारासमोर उभी असतात, ती तिथेच.

७. आतले काम काढताना

या पायरीत फार सांगण्यासारखे नाही; एकच गोष्ट जपावी. नव्या टॉवरमध्ये बऱ्याचदा भिंतीही मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात, स्लॅबबरोबरच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. या भिंती इमारतीचा भार वाहतात. त्या पाडता येत नाहीत आणि वायरिंगसाठी त्यांत खोबणही घ्यायची नसते. विजेच्या जादा पॉइंटची जागा बांधकाम चालू असतानाच कळवली तर ठीक, नाहीतर पुढे बाहेरून पट्ट्या लावाव्या लागतात. छतातल्या स्प्रिंकलरचे तोंड फॉल्स सीलिंगने झाकू नका. आतल्या कामासाठी व्यवस्थापन घेते ते इंटिरिअर डिपॉझिट भरताना ते परत मिळण्याच्या अटी लेखी घ्या, आणि सर्व्हिस लिफ्ट कार्यालयांबरोबर वाटून घ्यायची असेल तर सामान आणण्याच्या वेळा सुताराला आधीच सांगून ठेवा.

८. आगीची तयारी

उंच इमारतीत २४ मीटरच्या वर पहिला आणि त्यानंतर साधारण दर सातव्या मजल्यावर रेफ्युज एरिया, म्हणजे आश्रयासाठीची मोकळी जागा असते. तुमच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही रेफ्युज मजले घरातल्या प्रत्येकाला जिन्याने नेऊन दाखवा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे गणपतीचे मखर, एका कार्यालयाच्या मोडक्या खुर्च्या आणि कोणाची तरी बाबागाडी होती. ती जागा रिकामी करायला लावणे हा प्रत्येक रहिवाशाचा हक्क आहे आणि त्याबद्दल शेजाऱ्यांशी वाईटपणा आला तरी तो पत्करावा.

महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा 'फॉर्म बी' दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून द्यावा लागतो. शेवटच्या दोन फॉर्मच्या प्रती व्यवस्थापनाकडे मागा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. आणखी एक विचारा: सहाव्या मजल्यावरच्या कार्यालयात धूर झाला तर वरच्या घरांतला भोंगा वाजतो का, की दोन्ही भागांचे पॅनेल स्वतंत्र आहेत?

कार्यालये आपला सराव कामाच्या दिवशी अकराच्या सुमारास करतात, तेव्हा घरांत फक्त म्हातारी माणसे, मुले आणि कामाच्या बाया असतात. आमच्या इथे पहिल्या सरावाची सूचना फक्त कार्यालयांना गेली होती. भोंगा ऐकून सासूबाई गॅस बंद करून, देवघरातली निरांजन विझवून, चार मजले जिन्याने उतरून रेफ्युजमध्ये जाऊन बसल्या आणि तासाभराने वॉचमनला त्या तिथे सापडल्या. त्यांनी सगळे अचूक केले होते. चूक होती ती सूचना फक्त एका बाजूला पाठवण्याची, आणि आता ती दोन्ही बाजूंना जाते.

९. पत्ते दोन नसतात, दारे दोन असतात

टॉवरचा नोंदणीकृत पत्ता बहुधा मुख्य रस्त्यावरचा असतो, आणि मुख्य रस्त्याकडे तोंड असते ते कार्यालयांच्या लॉबीचे. घरांचे गेट मागच्या किंवा बाजूच्या गल्लीत. पोस्टमन आठवड्यात शिकतो. बाकी कोणी शिकत नाही. मोबाइलवरच्या नकाशातली खूण कार्यालयांच्या दारात पडते आणि रात्री नऊनंतर ते दार बंद असते.

आम्ही हे एका रात्री दीड वाजता शिकलो. सासूबाईंच्या छातीत दुखू लागले, रुग्णवाहिका अकरा मिनिटांत आली आणि बंद काचेसमोर उभी राहिली. तिथल्या रखवालदाराला घरांच्या बाजूचे इंटरकॉम क्रमांक माहीत नव्हते. गाडीला वळसा घालून गल्लीत यायला आणखी नऊ मिनिटे गेली. सासूबाई आता बऱ्या आहेत.

राहायला गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात ही कामे करून टाका. आधार, बँक, गॅस आणि विमा यांच्या पत्त्यांत विंगचे नाव आणि गल्लीचे नाव घाला. नकाशावर घरांच्या गेटची वेगळी खूण करा. स्ट्रेचर मावणारी लिफ्ट कोणती आणि रात्री तिची किल्ली कोणाकडे असते ते विचारून घ्या. दोन्ही बाजूंच्या सुरक्षा कक्षांत एकमेकांचे क्रमांक लावायला सांगा. आमच्या फ्रिजवर आता मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद चिकटवलेला आहे, जो फोनवर जसाच्या तसा वाचून दाखवायचा असतो: 'मुख्य रस्त्यावरचे काचेचे दार नाही. पेट्रोल पंपानंतर पहिली डावी गल्ली, निळे गेट, बी विंग, डावीकडची मोठी लिफ्ट, अठरावा मजला.'